मिटलेले प्रवाळ : निदान आधी, औषध नंतर

आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांपैकी काहींनी अलीकडे घरात सागरी मत्स्यपेटी ठेवण्यास सुरुवात केली आहे. गोड्या पाण्यातील गप्पी आणि गोल्डफिश यांची पेटी आपल्या वस्त्यांमधून पूर्वीपासून दिसत असे. खाऱ्या पाण्याची पेटी मात्र खर्चाची, कष्टाची आणि अभ्यासाची बाब आहे. तिच्यात मासे असतातच, पण अनेकांना खरी ओढ असते ती प्रवाळांची, आणि नवशिक्याच्या हाती बहुधा प्रथम येते ते मृदु प्रवाळ, कारण ते काटक असते. परंतु काटक प्राणीही आजारी पडतो, आणि मग एके दिवशी संध्याकाळी फोन येतो : "सर, प्रवाळ मिटून बसलंय. कोणतं औषध घालू?" मी इतिहासाचा शिक्षक, तथापि शाळेच्या प्रयोगशाळेतील सागरी पेटीची देखभाल काही वर्षे माझ्याकडे असल्यामुळे हे प्रश्न माझ्यापर्यंत येतात. त्या सर्वांना एकदाच आणि सविस्तर उत्तर द्यावे, या हेतूने हा लेख लिहिला आहे. ज्यांच्या घरी अशी पेटी नाही, त्यांनाही एखाद्या जिवाच्या दुखण्याचा शोध कसा घेतात हे पाहण्यास तो उपयोगी पडावा.

प्रवाळ हा प्राणी आहे, येथूनच प्रारंभ केला पाहिजे. हे आज शाळकरी मुलालाही ठाऊक असते, पण ते मान्य होण्यास युरोपात बराच काळ लागला. आपण ज्याला पोवळे म्हणतो, ज्याची आंगठी मंगळाच्या नावाने अजूनही लोकांच्या बोटांत घातली जाते, ते भूमध्य समुद्रातील तांबडे प्रवाळ होय. १७०६ साली मार्सिली या इटालियन अभ्यासकाने ते समुद्राच्या पाण्यात ठेवले, तेव्हा त्याला फांद्यांवर आठ पाकळ्यांची पांढरी 'फुले' उमललेली दिसली, आणि प्रवाळ ही वनस्पती आहे असा निष्कर्ष त्याने काढला. पुढे मार्सेचा वैद्य झाँ-आंद्रे पेसोनेल याने उत्तर आफ्रिकेच्या किनाऱ्यावर हेच प्रवाळ पाण्यात ठेवून दीर्घकाळ निरीक्षण केले. स्पर्श होताच ही फुले मिटतात, पुन्हा उमलतात. हे पाहून ती फुले नसून लहान प्राणी आहेत, असे त्याने पॅरिसच्या विज्ञान अकादमीला कळवले. त्या काळचा मोठा शास्त्रज्ञ रेओमूर याला हे पटले नाही. १७२७ मध्ये अकादमीपुढे या मताचा परामर्श घेताना त्याने पेसोनेलचे नावही घेतले नाही. त्याची हेटाळणी होऊ नये म्हणून नाव वगळले, असा खुलासा केला गेला. पेसोनेलचे म्हणणे मान्य होण्यास अठराव्या शतकाचा मध्य उजाडला. अकादमीतील विद्वानांनी जे ग्रंथांत शोधले, ते त्याने भांड्यातील पाण्यात डोळ्यांनी पाहिले होते.

ही हकीकत येथे सांगण्याचे कारण असे की, आपल्या पेटीतील मृदु प्रवाळ हे पोवळ्याच्याच गणगोतातले आहे. पोवळ्याप्रमाणेच त्याच्याही प्रत्येक लहान प्राण्याला, म्हणजे पॉलिपला, आठ बाहू असतात आणि प्रत्येक बाहूला पिसासारख्या बारीक शाखा असतात. असे शेकडो, हजारो पॉलिप एका मांसल शरीरातून बाहेर डोकावत असतात. खडक रचणाऱ्या कठीण प्रवाळांसारखा चुन्याचा सलग सांगाडा मृदु प्रवाळात नसतो. त्याच्या मांसात चुनखडीचे सूक्ष्म कण विखुरलेले असतात आणि बाकी सर्व आकार शरीरात भरलेल्या पाण्याच्या दाबावर उभा राहतो. म्हणूनच आजारी पडल्यावर ते प्रथम लोळते, सुरकुतते, आखडते. त्याच्या पेशींत सूक्ष्म शैवाल राहतात. प्रकाशाच्या साहाय्याने ते अन्न तयार करतात आणि त्यातील मोठा वाटा यजमानाला मिळतो. पाणी फार तापले किंवा प्रकाश एकाएकी वाढला, की हा संसार मोडतो. शैवाल बाहेर टाकले जातात आणि प्रवाळ पांढरे पडते. १९९८ साली लक्षद्वीप आणि मन्नारच्या आखातातील प्रवाळ पांढरे पडले, ते समुद्राचे पाणी तापल्यामुळेच. पेटीत तीच घटना लहान प्रमाणात घडू शकते, आणि मुंबई-ठाण्याच्या एप्रिल-मे महिन्यांत ती घडण्यास फार वेळ लागत नाही.

मृदु प्रवाळांचे प्रकार अनेक आहेत. या लेखात मी मुख्यतः एकाविषयीच लिहिणार आहे : छत्रीसारखा माथा आणि जाड देठ असलेले चर्मप्रवाळ. शास्त्रात त्याला सार्कोफायटॉन म्हणतात. नवशिक्यांच्या पेटीत ते वारंवार आढळते आणि फोनही बहुधा त्याच्यासंबंधीच येतात.

आता मुख्य मुद्दा. मिटलेले चर्मप्रवाळ हे पुष्कळदा आजारी नसतेच. या प्राण्याची एक रीत आहे. ठरावीक नसलेल्या अंतराने तो आपले सर्व पॉलिप आत ओढून घेतो, माथा आक्रसतो, रंग मळकट होतो आणि पृष्ठभागावर मेणकापडासारखी चकचकीत पातळ कात तयार होते. काही दिवस, क्वचित दोन आठवडेही, ही अवस्था राहते. मग कात फाटते, तुकड्यातुकड्यांनी प्रवाहाबरोबर निघून जाते आणि खाली स्वच्छ, ताजे प्रवाळ उमलते. अंगावर साचलेला गाळ आणि शेवाळ झटकून टाकण्याची ही त्याची पद्धत होय. नवा मालक मात्र तिसऱ्याच दिवशी घाबरतो, बाजारातून बाटली आणतो, पाण्यात ओततो; कात टाकून प्रवाळ उमलले की औषधाचा गुण आला असे समजतो. पुढच्या वेळी तो दुप्पट मात्रा घालतो. खोट्या उपचारांची कीर्ती जगात अशीच वाढत आली आहे.

म्हणून पहिले काम म्हणजे कात टाकणे आणि कुजणे यांतील फरक ओळखणे. कात टाकणाऱ्या प्रवाळाचे अंग घट्ट असते. देठ ताठ किंवा किंचित वाकलेला असतो, पण त्याला छिद्र किंवा खळगा नसतो. चकाकी सर्व माथ्यावर सारखी असते. कुजणाऱ्या प्रवाळावर एखादाच डाग असतो, काळपट, करडा किंवा पांढुरका. त्याची कड मऊ होऊन विरघळू लागते. कधी त्यावर तपकिरी, जेलीसारखा लेप दिसतो; प्रवाह लागला की त्याचे धागे सुटतात. आणि वास : पेटीतील थोडे पाणी त्या जागेजवळून पिचकारीने ओढून पेल्यात घ्यावे आणि हुंगावे. निरोगी प्रवाळाला समुद्राचा, थोडा उग्र वास असतो. कुजलेल्याचा वास एकदा आला की पुन्हा विचारावे लागत नाही. डाग नाही, दुर्गंधी नाही, अंग घट्ट आहे, इतके दिसल्यास प्रवाह थोडा वाढवावा, जेणेकरून कात लवकर सुटेल, आणि हात मागे घ्यावा. कात बोटाने किंवा ब्रशने ओरबाडू नये; खालची त्वचा त्या वेळी कोवळी असते.

दोन आठवडे उलटूनही प्रवाळ उमलत नसेल, किंवा वरील वाईट खुणांपैकी एखादी दिसत असेल, तर शोध सुरू करावा. हा शोध प्रवाळापासून नव्हे, तर पेटीतील इतर रहिवाशांपासून सुरू करावा, असे माझे मत आहे. कोळंबी, गोगलगायी, खेकडे, इतर प्रवाळ कसे आहेत? सर्वच मरगळले असतील, तर दोष पाण्यात आहे. इतर सारे ठणठणीत असून हे एकटेच मिटले असेल, तर दोष त्याच्या जागेत, शेजाऱ्यांत किंवा त्याच्या स्वतःच्या अंगावर आहे. एवढ्या एका प्रश्नाने अर्धे निदान होते. कोळंबी पटापट मेली असेल, तर पाण्यात विष गेल्याचा संशय घ्यावा. माशांच्या काही औषधांत तांबे असते. माशांना ते सोसते, बिनकण्याच्या प्राण्यांना मारते. नळजोडणीतील पितळी तोटीही तांबे सोडते. आपल्या घरांत डासांचा उपद्रव मोठा असल्याने फवारे आणि विजेवर तापणाऱ्या बाटल्या सर्रास वापरल्या जातात. त्यांतील पायरेथ्रॉइड वर्गाची द्रव्ये जलचरांना अत्यंत घातक असतात आणि हवा ढवळणारा पंप ती थेट पाण्यात ओढतो. पेटी असलेल्या खोलीत मच्छरदाणी लावावी, हे सर्वांत उत्तम.

पाण्याची तपासणी करताना लवणतेपासून आरंभ करावा. समुद्राच्या पाण्यात दर किलोग्रॅममागे सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. २५ अंश सेल्सिअसला त्याचे विशिष्ट गुरुत्व सुमारे १.०२६ भरते. ही साधी वाटणारी गोष्ट सर्वाधिक बिघडते आणि सर्वांत शेवटी तपासली जाते, कारण पाणी दिसायला स्वच्छच असते. कल्याणला राहणाऱ्या आपल्या एका माजी विद्यार्थ्याच्या पेटीचे उदाहरण येथे देतो. २०० लिटरची पेटी, तीन वर्षांचे चर्मप्रवाळ, थाळीएवढा माथा. ते अठरा दिवस मिटून होते आणि देठाच्या बुडाशी करडा डाग पडू लागला होता. त्याने दुकानातून आणलेल्या तीन बाटल्या क्रमाने घालून झाल्या होत्या. घरातील लोक, विशेषतः त्याची मुलगी, रोज सकाळी आधी पेटीपाशी जात असे, असे त्याने सांगितले. मी त्याला रोजची नोंद मागितली. तिच्यात एक ओळ होती : 'कमी झालेले पाणी भरले, २ लिटर.' कोणते पाणी, असे विचारता, 'समुद्राचे मीठ कालवलेले' असे उत्तर आले. सर्व रोगाचे मूळ तेथे होते.

बाष्पीभवन होते ते केवळ पाण्याचे. मीठ मागेच राहते. उरण-वसईकडची मिठागरे ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे समजावून सांगावे लागत नाही. मिठागरात जे हेतुपुरस्सर केले जाते, तेच या पेटीत नकळत चालले होते. उडालेल्या गोड्या पाण्याच्या जागी रोज खारे पाणी पडत होते आणि पंख्याच्या वाऱ्याने बाष्पीभवन अधिकच वेगाने होत होते. त्याच्याकडील काटा फिरणारा साधा लवणतामापक १.०२५ दाखवीत होता, कारण काट्याच्या खिळीवर मिठाचे किटण बसले होते. मित्राकडून आणलेल्या रिफ्रॅक्टोमीटरवर आकडा आला ४०. हे उपकरणही आधी ३५ लवणतेच्या प्रमाणित द्रावणावर जुळवून घ्यावे लागते. निव्वळ शुद्ध पाण्यावर शून्य जुळवून भागत नाही, कारण आपल्याला अचूकता हवी असते ती पस्तिशीच्या आसपास.

उपाय सोपा होता, पण घाईचा नव्हता. रोज पेटीतील ५ लिटर पाणी काढून तितकेच शुद्ध, मीठरहित पाणी हळूहळू भरायचे. २०० लिटरमध्ये ५ लिटर म्हणजे चाळिसावा भाग. लवणता रोज सुमारे एकने उतरते. पाच दिवसांत ४० वरून ३५ च्या जवळ. आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी हे गणित वहीत करून पाहावे. प्रत्येक दिवशी उतार किंचित कमी का होतो, हेही त्यांच्या लक्षात येईल. एकाच दिवशी २५ लिटर बदलले असते, तर आकडा बरोबर आला असता, पण प्राण्यांच्या पेशींत एकाएकी पाणी शिरून त्यांना दुसरा धक्का बसला असता. महिनोन्‌महिने हळूहळू चढलेले मीठ एका तासात उतरवू नये.

भरण्याचे पाणी नळाचे नसावे. क्लोरीन, क्वचित तांबे, आणि शेवाळाला पोसणारे नायट्रेट व फॉस्फेट त्यातून येतात. आरओ यंत्रातून काढून पुढे आयन शोषणाऱ्या राळेतून गाळलेले पाणी वापरावे. पिण्यासाठीच्या आरओ यंत्रात चव येण्यासाठी थोडे मूळ पाणी पुन्हा मिसळण्याची सोय असते. ते पाणी या कामी चालत नाही. बाकीच्या आकड्यांविषयी थोडक्यात सांगतो. तापमान २४ ते २७ अंश. अमोनिया आणि नायट्राइट शून्य. अल्कता ८ ते ११ डीकेएच, कॅल्शियम ४०० ते ४५०, मॅग्नेशियम १२५० ते १३५० मिलिग्रॅम दर लिटरला. नायट्रेट २० च्या आत असावे, पण ते आणि फॉस्फेट अगदी शून्यावर आणण्याचा अट्टाहास करू नये. पूर्ण निःसत्त्व पाण्यात मृदु प्रवाळ उपाशी राहिल्यासारखे फिकट आणि खुरटे होते. आकडा आदर्श असण्यापेक्षा स्थिर असणे महत्त्वाचे. अल्कता ८ असो वा १०, ती आज ८ आणि उद्या ११ अशी नसावी.

पाणी ठीक असेल, तर जागा पाहावी. प्रवाळाच्या अंगावर पंपाचा झोत थेट येत असेल, तर त्या बाजूचे पॉलिप कायम मिटलेले राहतात आणि मांस घडी पडून दुखावते. उलट प्रवाह फार मंद असेल, तर माथ्याच्या मधल्या खोलगट भागात गाळ आणि माशांची विष्ठा साचते व तेथूनच सडणे सुरू होते. वाऱ्याने शेतातील पीक डोलावे, तसे पॉलिप सर्व बाजूंनी डोलत असतील तर प्रवाह योग्य. प्रकाश कमी पडला, तर देठ लांबतो, माथा लहान राहतो, रंग गडद तपकिरी होतो. नवा दिवा लावल्यानंतर फिकटपणा आला असेल, तर प्रकाश अधिक झाला आहे असे समजून तीव्रता उतरवावी आणि तीन-चार आठवड्यांत टप्प्याटप्प्याने वाढवावी.

शेजाऱ्यांचा प्रश्न मात्र गुंतागुंतीचा आहे. चर्मप्रवाळाला पळता येत नाही, कवच नाही, डंखही दुबळा. त्याचे शस्त्र रसायन हे आहे. तांबड्या समुद्रातील चर्मप्रवाळातून १९७४ साली वेगळे काढलेले सार्कोफाइन हे अशा द्रव्यांपैकी एक. अथांग समुद्रात ही द्रव्ये विरून जातात. दोनशे लिटरच्या पेटीत ती साठत राहतात. त्यामुळे दोन निराळ्या जातींची मृदु प्रवाळे आणि कठीण प्रवाळे एकत्र असलेल्या पेटीत सर्व आकडे बरोबर असूनही कोणीतरी सतत मिटलेले आढळते. चर्मप्रवाळ येथे कधी पीडित असते, तर कधी स्वतःच पीडा देणारे. दुखावलेले, सडणारे चर्मप्रवाळ अधिक द्रव्ये सोडते. त्यामुळे एकाच्या मरणाने सारी पेटी धोक्यात येऊ शकते. यावर साधा आणि खात्रीचा उपाय म्हणजे उत्तम प्रतीचा सक्रिय कोळसा. तो जाळीच्या पिशवीत भरून गाळणीच्या वाहत्या पाण्यात ठेवावा आणि दर दोन-तीन आठवड्यांनी बदलावा. आजारपणात तो दर आठवड्याला बदलला तरी हरकत नाही. कठीण प्रवाळांपैकी काहींचे डंख मारणारे लांब बाहू रात्री पसरतात. दिवसा दोघांत वीतभर अंतर दिसले म्हणून निश्चिंत राहू नये.

रात्रीची पाहणी याहीसाठी आवश्यक आहे की, प्रवाळ खाणारे जीव रात्रीच फिरतात. दिवे मालवल्यानंतर तासाभराने विजेरीवर लाल जिलेटिनचा कागद लावून पाहावे. चर्मप्रवाळावर जगणाऱ्या काही समुद्री गोगलगायी हुबेहूब त्याच्याच रंगाच्या असतात. त्या दिसत नाहीत, त्यांनी कुरतडलेल्या खाचा दिसतात. पांढऱ्याशुभ्र, अंड्यासारख्या कवचाची आणि काळ्या अंगाची एक देखणी कवडी असते, तीही चर्मप्रवाळच खाते. शोभेसाठी कोणी ती पेटीत सोडली असेल, तर रोगाचे कारण तेथेच सापडते. असे जीव चिमट्याने काढावेत. देठाच्या खालच्या बाजूस त्यांची अंड्यांची फीत असल्यास तीही खरवडून काढावी.

आता उपचार. कारण सापडले आणि दूर केले, की बहुतेक प्रवाळे आपोआप सावरतात. १५ ते २० टक्के पाणी बदलावे. नवे पाणी आदल्या दिवशीच मीठ कालवून, पंपाने ढवळत ठेवलेले आणि तापमान व लवणता जुळवलेले असावे. कोळसा नवा घालावा. यापुढे एका वेळी एकच बदल करावा आणि त्याचा परिणाम पाहण्यास निदान चार दिवस द्यावेत. जागा, दिवा, प्रवाह आणि औषध हे सारे एकाच रविवारी बदलले, तर प्रवाळ बरे झाले तरी कशाने आणि मेले तरी कशाने, हे कळत नाही. इतिहासाच्या अभ्यासकाला साधने जशी तारखेनिशी लागतात, तशी येथे वही लागते. तारीख, तापमान, लवणता, किती पॉलिप उघडे, आणि एक छायाचित्र, रोज एकाच वेळी, एकाच कोनातून.

कुजणे सुरूच असेल, तर मात्र थांबू नये. चर्मप्रवाळाची शस्त्रक्रिया धाडसाची वाटते, पण निसर्गाने या प्राण्याला विलक्षण पुनर्निर्माणशक्ती दिली आहे. माथा पूर्ण कापला तरी देठातून नवा माथा फुटतो. तत्पूर्वी एक धोक्याची सूचना ध्यानात घ्यावी. समोरचा जीव नक्की चर्मप्रवाळच आहे, याची खात्री करून घ्यावी. 'बटन पॉलिप' या नावाने विकले जाणारे झोअँथिड हे मृदु प्रवाळासारखे दिसतात, पण ते निराळ्या कुळातले आहेत आणि त्यांच्यातील काही जातींत पॅलिटॉक्सिन नावाचे अतितीव्र विष असते. ते कापणे, घासणे, आणि विशेषतः ते चिकटलेला दगड उकळत्या पाण्यात टाकणे, हे घरातील माणसांच्या जिवावर बेतू शकते. घरात लहान मुले असतील, तर अशा प्रवाळाला हातच लावू नये.

चर्मप्रवाळासाठीही हातमोजे आणि डोळ्यांना चष्मा हवाच. काम पेटीबाहेर, पेटीतीलच पाणी घेतलेल्या प्लास्टिकच्या टबात करावे, म्हणजे सुटणारे विषारी द्रव मुख्य पाण्यात जात नाही. नवे, धारदार पाते घ्यावे; कात्रीने मांस चिरडते. डागाच्या कडेवर कापू नये. सुमारे एक सेंटिमीटर निरोगी मांस सोबत जाईल असे कापावे, कारण सडणे डोळ्यांना दिसते त्याच्या पुढे गेलेले असते. कापलेली जागा आतून एकसारखी फिकट आणि घट्ट दिसली पाहिजे. करडी रेघ दिसली, तर आणखी कापावे. त्यानंतर दुसऱ्या भांड्यातील पेटीच्या पाण्यात पोव्हिडोन-आयोडीनचे साधे द्रावण, पाण्याला फिक्या चहाचा रंग येईल इतके, मिसळून त्यात प्रवाळ पाच ते दहा मिनिटे बुडवावे. साबणमिश्रित 'स्क्रब' याच नावाने मिळतो, तो चुकूनही घेऊ नये. मग स्वच्छ खाऱ्या पाण्यात विसळून प्रवाळ पेटीत ठेवावे. टबातील आणि बुडवणीचे पाणी पेटीत परत ओतू नये. आयोडीनच्या बाटलीतील थेंब थेट पेटीत सोडणे, किंवा माणसांची प्रतिजैविके ठेचून घालणे, याला माझा स्पष्ट विरोध आहे. पेटी जिवंत असते ती अमोनिया पचवणाऱ्या जीवाणूंच्या बळावर. एका प्रवाळासाठी त्यांना मारले, तर बाकीच्यांनाही मुकावे लागते.

आणि जे वाचवता येत नाही, त्याची विल्हेवाट? समुद्रात किंवा खाडीत सोडू नये. व्हेनेझुएलाच्या किनाऱ्यावर हौशी पेटीतून गेलेल्या एका परक्या मृदु प्रवाळाने पसरत जाऊन तेथील मूळ प्रवाळ झाकून टाकले आहेत. तसेच आजारी प्रवाळाच्या जागी किनाऱ्यावरून नवे आणण्याचा मोहही टाळावा. मालवणचा सागरी परिसर १९८७ पासून अभयारण्य आहे, आणि २००१ पासून सर्व कठीण प्रवाळ, काळे प्रवाळ, समुद्रपंखे, अग्निप्रवाळ आणि बासरीप्रवाळ यांना वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण लाभले आहे. सहलीला गेलेल्या मुलांनी सुंदर म्हणून उचललेला प्रवाळाचा तुकडाही या कायद्याच्या कक्षेत येऊ शकतो. पालकांनी हे मुलांना सांगावे.

घरी प्रवाळ जगवण्याचा पहिला टिकाऊ प्रयत्न ॲना थिन या इंग्रज बाईंनी केला. १८४६ मध्ये टॉर्कीच्या किनाऱ्यावरून त्यांनी काही प्रवाळ लंडनला आणले. समुद्र दूर, पंप नाही, वीज नाही. पाण्यात प्राणवायू मिसळावा म्हणून ते उघड्या खिडकीसमोर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतले जाई, रोज अर्धा-पाऊण तास, आणि हे काम करीत असे घरातील मोलकरीण. मी वाचलेल्या वृत्तान्तांत थिनबाईंचे नाव आहे. त्या मोलकरणीचे नाव मला कोठे आढळले नाही. ते प्रवाळ जगले ते तिच्या हातांमुळे. आज तेच काम २० वॅटचा पंप करतो आणि वीज गेली की थांबते. पावसाळ्यात ज्यांच्याकडे वीज तासन्‌तास जाते, त्यांनी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरी ठेवावा. तो नसेल, तर थिनबाईंच्या घरची पद्धत आजही उपयोगी पडते. मगाने पाणी उचलून वरून ओतत राहावे, दर पंधरा मिनिटांनी पाच मिनिटे.

कल्याणच्या त्या प्रवाळाची लवणता पाचव्या दिवशी ३५ च्या जवळ आली. डाग मात्र वाढतच होता, म्हणून सहाव्या दिवशी देठाचा खालचा भाग कापून टाकावा लागला. उरलेल्या तुकड्याला बूड राहिले नाही. असा तुकडा खडकाला चिकटवण्यासाठी फेव्हिक्विकसारखा डिंक निरुपयोगी ठरतो, कारण प्रवाळ चिकट स्राव सोडून तो झटकून टाकते. रबरबँड घट्ट आवळला तर मांस कापले जाते. वाटीत प्रवाळखडीचे लहान तुकडे पसरून त्यावर ते ठेवावे, वरून मच्छरदाणीच्या कापडाचा तुकडा सैल बांधावा आणि वाटी मंद प्रवाहात, मध्यम उजेडात ठेवावी. दोन ते तीन आठवड्यांत ते एखाद्या खड्याला स्वतःहून धरते. या प्रवाळाने सोळाव्या दिवशी धरले. मुलीने वहीत त्या तारखेला लिहिले आहे : 'जाळी काढली. पॉलिप मोजले, ११ उघडे.'